आधी दया, मंग खा

टाकरदे गावात रोहिदासची पिठाची गिरणी ज्या इमारतीत होती, ती इमारत गिरणीपेक्षा बरीच जुनी. काळ्या दगडाच्या दीड हात जाड भिंती, आणि दारावरच्या दगडात कोरलेले चार शब्द: 'आधी दया मंग खा'. गावातली पोरं शाळेत जायला लागली की गुरुजी त्यांना एकदा तिथे आणून रांगेत उभी करत आणि सांगत, बघा, आपल्या पूर्वजांचे विचार केवढे थोर. आधी दुसऱ्यावर दया करा, मग आपण खा. पोरं माना डोलवत, आणि शाळा सुटली की शेजाऱ्याच्या बोरीवर दगड मारत.

रोहिदासला थोर विचारांशी काही कर्तव्य नव्हतं. त्याचं भांडण होतं जमिनीशी. आतल्या फरशीत सात खड्डे होते, दोन ओळींत, गोल गरगरीत, ताटाएवढे. दळणाचा डबा ठेवावा तर डुगडुगे, पोतं ठेवावं तर कलंडे. त्याच्या बापाने सिमेंट भरून पाहिलं होतं, पण मोटारीच्या हादऱ्याने ते दोन महिन्यांत निघालं. शेवटी रोहिदासने त्यांत गोणपाट कोंबलं, आणि तो दिवसातून एकदा तरी ते खड्डे करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. पिढ्याही सात, खड्डेही सात, त्यामुळे कुणावर अन्याय होत नव्हता.

माणूस तसा वाईट नव्हता. जरा तापट होता, एवढंच. आणि एका बाबतीत त्याला स्वतःचा फार अभिमान होता, तो म्हणजे भागाबाईचं दळण. भागाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. दर गुरुवारी ती छोट्या डब्यात दोन किलो बाजरी घेऊन यायची. बारा वर्षं रोहिदासने तिच्याकडून एक पैसा घेतला नव्हता. हे गावात प्रत्येकाला माहीत होतं, कारण त्यानेच ते प्रत्येकाला सांगितलं होतं.

फक्त एक कटकट होती. म्हातारी डबा ठेवून घरी जात नसे. मोटारीशेजारी पोत्यावर बसून दळण होईपर्यंत काहीतरी पुटपुटत राही. ओठ हललेले दिसत, गिरणीच्या घरघरीत ऐकू काही येत नसे.

"अक्का, कसाना जप करी राह्यनी?" त्याने एकदा ओरडून विचारलं होतं.

"तू तुनं काम कर, मी मनं करस," ती म्हणाली होती.

फुकट दळून घेणाऱ्याने निदान गप्प बसावं, असं रोहिदासला वाटे. पण दया करायची म्हटल्यावर एवढं सोसायला हवं, असंही वाटे. दारावरच लिहिलं होतं ना.

तर अशी ही गिरणी, आणि ती उठायची वेळ आली. कारण गावात प्रेमराज भरडे होते.

प्रेमराजभाऊ म्हणजे 'आधी दया प्रतिष्ठान'चे संस्थापक, अध्यक्ष आणि फोटोत मधोमध असणारे. समाजसेवा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कॅमेरा दिसला की हात आपोआप पुढे होई. वाढदिवसाला ते दवाखान्यात केळी वाटत. आता जळगाव जिल्ह्यात केळी वाटायची म्हणजे समुद्राला मीठ वाटायचं. मागच्या वर्षी अकरा जणांनी मिळून ज्या पेशंटच्या हातात एक केळं दिलं, तो बिचारा केळीच्या गाड्या भरणारा हमाल होता, आणि केळीचाच घड पायावर पडून भरती झाला होता. केळं बघताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटोखाली छापलं गेलं, 'लाभार्थ्याचे आनंदाश्रू'.

भाऊंचं म्हणणं असं होतं की छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे संवत १९५६ ला, सव्वाशे वर्षांपूर्वी, त्यांचे पणजोबा मंगाशेठ यांनी याच इमारतीत अन्नछत्र चालवलं, दारावर ते वचन कोरून घेतलं, आणि खानदेशातली समाजसेवा तिथून सुरू झाली. "आमचं आडनावच बघा ना," ते सभेत सांगत. "भर दे! मागेल त्याला भरभरून दे! त्याचंच झालं भरडे." एवढं बोलून ते थांबत, आणि टाळ्या पडेपर्यंत पुढे जात नसत, त्यामुळे टाळ्या पडत.

तर आता तिथे मंगाशेठचं स्मारक व्हायचं होतं. हातात पळी घेतलेला पुतळा, भोवती बाग, बागेत कारंजं. गावाला नळाचं पाणी चार दिवसांआड येई, पण कारंज्याची गोष्ट वेगळी. धुळ्याच्या एका समाजकार्य महाविद्यालयातल्या प्राध्यापक दिपमाला मॅडम 'खानदेशातील समाजकार्याचा उगम' या विषयावर पुस्तक लिहीत होत्या. रविवारी त्या येणार, उगम इथेच झाला असं भाषणात सांगणार, मग भाऊ कुदळ मारणार, आणि पाचशे माणसांना भरीत-भाकरी. इमारत ग्रामपंचायतीची, ठराव मंजूर. रोहिदासला कागद आला की सोमवारी जागा खाली करावी. बदल्यात गावाबाहेर स्मशानाच्या पलीकडे एक पत्र्याचं शेड.

"तठे कोन येई?" रोहिदास बायकोला म्हणाला. "जो येई तो पीठ न्यावाले परत थोडाच जाई?"

बायकोचं नाव कोकिळा. नावाचा आणि आवाजाचा काही संबंध नव्हता. गिरणी चालू असतानाही तिची हाक बसस्टँडवर ऐकू जाई. पण त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "आते कसं व्हई?" आणि तिचा आवाज हळू आलेला ऐकून रोहिदासने तो कागद पुन्हा एकदा वाचला. बापाने गिरणी इथे घातली, त्याला चाळीस वर्षं झाली होती. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

कागद द्यायला भाऊ स्वतः आले होते. जाताना त्यांनी दारावरच्या पत्र्याच्या पाटीकडे बोट केलं. "आणि ही पाटी झाकून ठेव रविवारपर्यंत. मोठी माणसं येणार. अशुद्ध आहे."

पाटी रोहिदासच्या बापाने गावातल्याच पेंटरकडून रंगवून घेतलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'येथे दयन दयून मियेल'. खानदेशी जिभेवर ळ टिकत नाही, घसरून त्याचा य होतो. शाळेची शाया होते, केळीची केयी होते, आणि दळणाचं दयन होतं. पेंटर जसं बोलायचा तसंच लिहायचा. चाळीस वर्षांत ती पाटी कुणी वाचलीही नव्हती, कारण गिरणी आहे हे कळायला आवाज पुरेसा होता.

गुरुवारी भागाबाई डबा घेऊन आली. रोहिदास तोंड पाडून बसला होता, मोटार अजून चालू व्हायची होती. तेवढ्यात प्रतिष्ठानची रिक्षा भोंगा लावून रस्त्याने गेली. "आधी दया, मंग खा! रविवारी सकाळी दहा वाजता! आधी दया, मंग खा!"

भागाबाईने कपाळाला आठ्या घातल्या. "हाऊ प्रेमराज येडा व्हई गया का? बठ्ठा गावले दया दया सांगी राह्यना. आते घरमा कोन दयस? घट्यासवर ते लोके तुयस लावतस."

घट्या म्हणजे जातं. आणि हे खरं होतं. गावात जाती होती, पण कुणाच्या तुळशीखाली, कुणाच्या दाराला अडणा म्हणून.

रोहिदासचा हात बटणावर थांबला. "अक्का, दया म्हंजे?"

"दया म्हंजे दया. दयन दया. तू दिनभर काय करस अठे?"

रोहिदास बाहेर गेला, मान वर करून दगडाकडे बघत उभा राहिला, आणि आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं पीठसुद्धा फिकं दिसत होतं. आधी दया, मंग खा. आधी दळा, मग खा.

मग त्याने म्हातारीला चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं. अन्नछत्र होतं हे खरं, पण ते चालवलं होतं भागाबाईच्या आजेसासूने, दगडीबाईने. तरुणपणी विधवा झालेली बाई, नावासारखीच कडक. त्या दुष्काळात कुठून तरी ज्वारीच्या गाड्या गावात आल्या. कुणी पाठवल्या ते भागाबाईला माहीत नव्हतं. भुकेली माणसं कच्चीच ज्वारी फाकायची आणि पोट धरून लोळायची. तेव्हा दगडीबाईने घराघरातून सात जाती मागून आणली, या इमारतीत मांडली आणि दारात काठी घेऊन उभी राहिली. येईल त्याला एकच सांगायची: आधी दया, मंग खा. पाटील येवो की सालदार, सगळ्यांना तेच. दळून खाल्लेल्या माणसाला गावात कुणी भिकारी म्हटलं नाही. जात्यांना टाकी लावायला एक पाथरवट आला, त्यालाही फुकट जेवण नव्हतं. दळायला त्याचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्याने भाकरीच्या बदल्यात बाईचं बोलणं दारावर कोरून दिलं. जसं ऐकलं तसं कोरलं.

"मंग इतला वरीस बोलनी काबरं नही?" रोहिदासने विचारलं.

"कोनी इचारं? आनि माले वाचता येस का? दगडवर काय लिखेल शे, माले काय माहीत?"

गंमत बघा. ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्या गावाला दया म्हणजे दळा हे रोज कळत होतं. सकाळी उठून बाया एकमेकींना विचारत, "दयन दयी आनं का?" पण दगडावर लिहिलंय म्हटल्यावर ते शुद्धच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आपली बोली बोलायची, दगडावर लिहायची नाही. दगड अहिराणी बोलेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

रोहिदास तसाच प्रेमराजभाऊंकडे गेला. भाऊंनी ऐकून घेतलं, कारण समोर दोन माणसं बसली होती. मग म्हणाले, "रोहिदास, गिरणीवाल्याला सगळीकडे दळणच दिसायचं. उद्या तू म्हणशील, दयासागर म्हणजे मोठी गिरणी." समोरची दोन माणसं हसली. रोहिदास तेच दळण दोनदा दळून परत आला.

आता एकच उपाय होता, तो म्हणजे मॅडम. शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून त्याने धुळ्याची बस पकडली. बाई धुळ्यात नोकरीला असल्या तरी मूळच्या साताऱ्याकडच्या, त्यांच्याशी शुद्ध बोलायला हवं. म्हणून तो रस्ताभर खिडकीकडे तोंड करून "ळ, ळ, ळ" असा सराव करत बसला. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, याला आता उलटी होणार. त्याने पाय वर घेतले आणि कंडक्टरला पिशवी मागितली.

मॅडम बोलायला चांगल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण एवढी पुस्तकं आणि एवढी शांतता बघून रोहिदासची टाळू कोरडी पडली, आणि बसभर घोटलेला ळ टाळूला न लागताच घसरला.

"मॅडम, दगडावर ते दया लिहिलंय ना, ते दया नाही."

"मग काय आहे?"

"दया आहे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मी तेच म्हणतेय."

"नाही, तुम्ही ते दया म्हणता. मी हे दया म्हणतो." आणि त्याने उजव्या हाताची मूठ वळून हवेत गोल गोल फिरवली.

मॅडम त्या मुठीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दया ही चक्राकार असते? दिलेली दया फिरून आपल्याकडे परत येते? फार सुंदर मांडलंत हो." आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

रोहिदासने वही मागितली, पेन घेतलं, आणि घाम पुसत ठळक अक्षरांत लिहिलं, 'दया'. लिहून झाल्यावर त्याने स्वतःच ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्ही काय करता?" मॅडमनी मायेने विचारलं.

"गिरणी आहे."

"दळणाची?"

"तेच! तेच म्हणतोय मी मघापासून!"

"अरे वा," मॅडम म्हणाल्या, आणि तेवढ्यात तासाची घंटा झाली. जाताना त्यांनी त्याला महाविद्यालयाचं माहितीपत्रक दिलं आणि शिक्षणाला वय नसतं असं सांगितलं.

रोहिदास माहितीपत्रकाची घडी खिशात घालून घरी आला आणि न जेवता आडवा झाला. एका ळसाठी आपली गिरणी जाणार, ही गोष्ट त्याला काही केल्या पचत नव्हती.

शनिवारी आणखी एक भर पडली. प्रेमराजभाऊंना घाई फार. सोमवारी पाडापाडी सुरू करायची म्हणून त्यांनी वजन वापरून गिरणीचा मीटर शनिवारीच काढायला लावला. रोहिदासने उघड्या वायरींकडे बघितलं आणि तो डबे आवरायला लागला. बोलून काय होतं ते त्याने धुळ्यात बघितलं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता प्रतिष्ठानचा टेम्पो गिरणीसमोर येऊन उभा राहिला. आत ज्वारीची पोती.

"नऊच्या आत दयी दे," टेम्पोवाला म्हणाला. "भाकरी टाकाले बाया बठेल शेत."

रोहिदासने त्याला भिंतीवरच्या वायरी दाखवल्या.

टेम्पोवाल्याने भाऊंना फोन लावला. पाच मिनिटांत भाऊ हजर. वांगी भाजून झाली होती, भरताचा वास बसस्टँडपर्यंत गेला होता, पाहुणे निघाले होते, आणि पाचशे माणसांच्या भाकरीचं पीठ अजून ज्वारी होतं. शेजारच्या गावचा गिरणीवाला गिरणीला कुलूप लावून मुक्ताईनगरला लग्नाला गेलेला. भाऊंनी मीटर परत आणायला माणूस पिटाळला, पण रविवारी तिकडे कुलूप भेटलं. आयुष्यात पहिल्यांदा प्रेमराजभाऊ कॅमेऱ्याला म्हणाले, "आता नको रे."

दहा वाजता मांडव भरला. साडेदहाला मॅडम आल्या. अकरा वाजता लोक भाषण सोडून भरताच्या पातेल्याकडे बघायला लागले. नुसतं भरीत खाणार कशाशी?

तेव्हा भागाबाई काठी टेकत आली आणि गिरणीच्या दारात उभी राहिली.

"ज्यासले खानं शे त्यासनी दया," ती म्हणाली. "घरघरना घट्या आना."

दुसरा काही इलाज असता तर तिचं कुणी ऐकलं नसतं. पण पोटात कावळे ओरडत होते. लोकांनी तुळशी बाजूला केल्या, दारांचे अडणे काढले, आणि अर्ध्या तासात सात जाती गिरणीच्या आत आली. मांडायची कुठे? रोहिदास म्हणाला, मांडा कुठेही, आणि पहिल्या माणसाने आपलं जातं टेकवलं ते घसरून थेट खड्ड्यात जाऊन बसलं. गोणपाट दाबलं गेलं आणि जातं हललं नाही. दुसरं दुसऱ्या खड्ड्यात. तिसरं तिसऱ्यात. सातवं जातं सातव्या खड्ड्यात बसलं, आणि खड्डे संपले. रोहिदासने मनातल्या मनात सात पिढ्यांची माफी मागितली.

पीठ टाकायला स्वच्छ कापड हवं होतं. कोकिळेला दुसरं काही दिसेना, म्हणून तिने दारावर लावलेला प्रतिष्ठानचा मोठा फ्लेक्स ओढून काढला आणि अंगणात पांढरी बाजू वर करून अंथरला. भाऊंचं हसरं तोंड मातीला लागलं. आणि फ्लेक्समागची पत्र्याची पाटी उघडी पडली.

मॅडम समोरच उभ्या होत्या. नवीन जागी गेल्यावर दिसेल ते वाचायची त्यांना सवय. त्यांनी वाचलं, 'येथे दयन दयून मियेल'. एकदा वाचलं, परत ओठ हलवून वाचलं. मग वरचा दगड वाचला. मग आत बघितलं, तिथे सात माणसं मुठी वळून गोल गोल फिरवत होती. त्यांनी रोहिदासकडे बघितलं, आणि रोहिदासने न बोलता आपली मूठ हवेत फिरवली.

"दळा," मॅडम हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने हसल्या. "आधी दळा! अहो, तुम्ही परवा हे सांगत होतात?"

"मी बसपासून तेच सांगतोय," रोहिदास म्हणाला.

मग काय, दळणं सुरू झालं. सरपंच दळले, निवृत्त हेडमास्तर दळले, मॅडमनी पदर खोचला. सव्वाशे वर्षांपूर्वीची समाजसेवा कशी होती हे पाचशे माणसांना भाषणाशिवाय कळलं, आणि मुख्य म्हणजे खांद्यांना कळलं. प्रेमराजभाऊही बसले, न बसून सांगतात कुणाला, दारात म्हातारी काठी घेऊन उभी होती. फोटोवाल्याने फोटो काढला. पण दळताना दोन्ही हात खुंट्याला आणि मान खाली. फोटोत भाऊंचं टक्कल तेवढं स्वच्छ आलं.

भागाबाईने ओवी धरली. आवाज पातळ, पण स्वच्छ.

"आधी दया मंग खा, सांगे दगडी सासूबाई,
जो नही दयी त्याले अठे भाकर नही.
मंगाशेठ दये, पीठ पडे भरड,
दगडीमाय म्हने बापू, तुनी बाईले धाड."

सगळी जाती एकदम थांबली. भागाबाई पुढे झाली, भाऊंच्या जात्यातलं पीठ तिने चिमटीत घेतलं, चोळलं आणि मान हलवली. "भरडंच शे. आजाना बापसारखंच. भरडे नाव काय उगाच पडनं का?"

हसण्याने इमारत हादरली. भाऊ लाल झाले. पण खरं सांगायचं तर त्यांचेही खांदे भरून आले होते, पोट खपाटीला गेलं होतं, आणि माणूस अशा वेळी फार वेळ अध्यक्ष राहू शकत नाही. तेही हसले. कुणी थांबायची वाट न बघता टाळ्या पडल्या.

"आणि ज्यांना दळताच येत नाही, त्यांचं काय करत होत्या?" मॅडमनी वही काढून विचारलं. "म्हातारे, आजारी?"

भागाबाईने पुढची ओवी म्हटली.

"हात थकना ते गा, गावानं थकना ते बस,
मुका बठना त्याले बी मी भाकर देस."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. हात चालत नसतील त्याने दळणाऱ्यांसाठी गायचं, ते त्याचं काम. गाताही येत नसेल त्याने बसायचं, भाकरी त्यालाही. "म्हणजे शेवटी ती दयाही होतीच की," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. पीठ गेलं असेल.

कोकिळेचा हात दुखायला लागला होता. मीही गाते, असं म्हणून तिने सूर लावला. एका ओळीतच लोकांनी एकमताने तिला बसायला सांगितलं आणि सगळ्यात आधी भाकरी दिली.

जेवणं चार वाजता झाली. भाकऱ्या जाड होत्या, कडेला भरड लागत होत्या, आणि अशा भाकऱ्या आपण जन्मात खाल्ल्या नाहीत असं प्रत्येकजण म्हणत होता, कारण प्रत्येकाला वाटत होतं की ती आपल्याच पिठाची आहे. भाषणात मॅडम एवढंच म्हणाल्या की स्मारक बंद पडलेल्या गोष्टीचं करतात. ही गोष्ट तर चालू आहे. फक्त कालपासून तिचा मीटर नाही. लोकांनी प्रेमराजभाऊंकडे बघितलं. भाऊ उठले आणि म्हणाले की गिरणी जागेवरच राहावी, ही प्रतिष्ठानची पहिल्यापासूनची भूमिका आहे. मंगळवारी मीटर परत बसला. पाटी तशीच ठेवायची असा ग्रामपंचायतीने ठराव केला, आणि पुतळ्यासाठी आधीच करून आणलेली पळी गणपती मंडळाने नेली.

गुरुवारी भागाबाई डबा घेऊन आली, नेहमीसारखी. रोहिदास खुशीत होता. "या अक्का," म्हणत त्याने बाजरी वरच्या डब्यात ओतली, बटणावर हात ठेवला. भागाबाई मोटारीशेजारच्या पोत्यावर बसली, पदर सावरला, आणि तिचे ओठ हलायला लागले.

रोहिदास बटणावर हात ठेवून तसाच राहिला. मोटार बंद होती, म्हणून ऐकू येत होतं. हात थकना ते गा.

बारा वर्षं. दर गुरुवारी. एकदाही न चुकता ती आपल्या दळणाचं काम करून जात होती, आणि तो गावभर सांगत होता की मी म्हातारीला फुकट दळून देतो. त्याला इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय देखी राह्यना?" भागाबाई थांबून म्हणाली. "चालू कर ना मोटार."

"नही अक्का," रोहिदास म्हणाला. "बठ्ठी ओवी म्हन. मंग चालू करस."

ती ओवी चांगली लांब होती. बाहेर डब्यांची रांग लागली, कोकिळेने दोनदा हाक मारली. ओवी संपेपर्यंत त्याने बटण दाबलं नाही.